टिटवीची खोली

५ मे

प्रिय वहिनी,

पोचले. बॅगही पोचली. छत्री होडीतच राहिली होती, ती होडीवाल्याने पुढच्या फेरीत आणून दिली. फोन मात्र गेला. हरवला नाही, जप्त झाला. दारातच व्यवस्थापिका बाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "इथे लेखकांनी हात मोकळे ठेवायचे असतात." डब्यात आधीच तीन फोन होते, माझा चौथा. झाकण लावताना त्यातला एक वाजत होता, पण बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. तेव्हा आता दीड महिना पत्रंच. एरवी मी तुला एक शब्द बोलू देत नाही अशी तुझी तक्रार असते ना? घे, आता पोटभर बोल.

बंगला फार जुना आहे आणि तळ्यात पाय सोडून बसल्यासारखा दिसतो. कुणा व्यापाऱ्याच्या विधवेने मरताना तो लेखकांना राहायला दिला. अट एकच, संध्याकाळी चार वाजेपर्यंत घरात कोणी अक्षर बोलायचं नाही. तिचा नवरा फार बोलका होता म्हणे. जिन्यात तिचं मोठं चित्र आहे. तिच्यासमोरून जाताना आपोआप चवड्यांवर चालायला होतं.

माझी खोली एवढी मोठी आहे की घरच्या माझ्या खोलीसारख्या चार खोल्या तिच्यात बसतील. टेबलावर पिंगपाँग खेळता येईल. घरी पलंगावर बसल्या बसल्या दिवा, पेन्सिल, खिडकी, सगळं हाताला लागतं. इथे पेन्सिल खाली पडली तर ती आणायला प्रवास करावा लागतो.

माणसं सांगते. एक कवी आहेत. धिप्पाड, दाढीवाले. खांद्यावर कायम टॉवेल असतो आणि सकाळी तळ्याकडे बघून त्यांचे डोळे भरून येतात. मग ते चार अंडी खातात. दुसऱ्या रहस्यबाई. केस पांढरे, चष्मा लाल. रहस्यकथा लिहून लिहून त्यांनी आजवर इतकी माणसं मारली आहेत की माझ्याकडेही त्या मापं घेतल्यासारख्या बघतात. आणि एक भाषांतरकार आहेत, उंच.

आता कादंबरी. वहिनी, नऊ वर्षं झाली त्या कादंबरीला. प्रकाशकांनी आता विचारायचंही सोडलंय, ते जास्त वाईट. वर्तमानपत्रातल्या साहेबांनी रजा देताना तोंड असं केलं होतं की मी परत आले नाही तरी दुसरा मुद्रितशोधक मिळेल. तेव्हा हा दीड महिना शेवटचा. आज सकाळी टेबलाशी बसले आणि पहिल्याच वाक्याशी अडले, कारण कुठल्यातरी खोलीतून टाइप केल्याचा आवाज येत होता. टकटकटकटक, दम न घेता. कोणीतरी इथे भयंकर वेगाने लिहितंय.

माझ्यावाचून घर सुनं वाटत असेल. दादाला म्हणावं, दुकानातून वेळेवर घरी येत जा. तू एकटी जेवू नकोस.

तुझी,
टिटवी


९ मे

प्रिय टिटवे,

तुझं पत्र तुझ्या दादाने दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर नंबराच्या काचा चढवलेल्या असताना मोठ्याने वाचलं. गिऱ्हाईक बिचारं काचांमधून बघत बसून राहिलं आणि शेवटी म्हणालं, कवींचं पुढे काय झालं ते कळवा.

घर शांत आहे. इतकं शांत की नळ गळतोय हे मला पहिल्यांदा कळलं. वीस वर्षांत तुझ्या बडबडीखाली तो ऐकूच आला नव्हता. पहिले दोन दिवस जरा जड गेले, आता ठीक आहे. माझी काळजी करू नकोस, मी व्यवस्थित आहे. म्हणजे रोजच्यासारखीच आहे. दुकानात बसते, घरी येते, तुझी खोली झाडते. तुझं कपाट थोडं भिंतीकडे सरकवलंय, काही विशेष कारण नाही.

त्या टाइप करणाऱ्याचं मनावर घेऊ नकोस. भराभर लिहिणारे सगळे चांगलं लिहितातच असं नाही. आणि त्या कवींपासून जरा जपून. ज्यांचे डोळे सहज भरतात त्यांच्या बायका थकलेल्या दिसतात, हे मी काउंटरवर बसून पाहिलं आहे. त्यांना बायको आहे का?

तुझी,
वहिनी

ता. क. सगळं ठीक. दुकानातला आणि घरातला, दोन्हीकडचा कापूस संपला, तो आणायला चाललो आहे. — दादा


१४ मे

प्रिय वहिनी,

कवींना बायको नाही. दोन होत्या, दोघी आता एकमेकींच्या मैत्रिणी आहेत. तू त्यांचा विचार सोड.

आता ऐक. त्या टकटकीने माझी दैना केली होती. उठले की टकटक, जेवताना टकटक. मला वाटायचं, या रहस्यबाई, रोज एक खून उरकताहेत. मी आपली वाक्यं लिहायची, खोडायची, खिडकीतून तळं बघायची आणि स्वतःला शिव्या द्यायची. दुपारी चौघं एका टेबलाशी मुकाट जेवायचो आणि एकमेकांची बोटं बघायचो. कुणाच्या बोटांना टाइप करून सूज आली आहे का, म्हणून.

चार दिवसांपूर्वी माझा धीर सुटला. काय व्हायचं ते होवो, हा राक्षस कोण ते बघायचंच, म्हणून दुपारीच खोलीबाहेर पडले. इथली जमीन लाकडाची, पाय टाकला की कण्हते. पण भाषांतरकारांनी आदल्या दिवशी मला त्यांचे लोकरीचे मोजे दिले होते, ते घातले होते. कॉरिडॉरच्या वळणावर पाहते तर समोरून तेही मोजे घालून चोरपावलांनी येताहेत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, म्हणजे तुम्ही? मी नकारार्थी मान हलवून त्यांच्याकडे बोट केलं. त्यांनीही मान हलवली. मग आम्ही दोघं आवाजाच्या मागे निघालो. एक जिना, दुसरा जिना, मग माळ्याची शिडी. तर शिडीवर आधीच कवी लटकलेले, आणि माळ्याच्या खिडकीशी रहस्यबाई हातात विजेरी घेऊन, भर दुपारी.

त्यांनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला जवळ बोलावलं. खिडकीबाहेर छपराची लाकडी कड आहे. तिच्यावर सुतारपक्षी बसला होता. लाल टोपीचा, मन लावून काम करणारा. तो ठोकायचा, मान तिरकी करून आमच्याकडे बघायचा आणि परत ठोकायचा.

वहिनी, आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि संपलं सगळं. चार वाजायला अजून वेळ होता, हसायची सोय नव्हती. कवींनी टॉवेल तोंडात कोंबला. रहस्यबाईंचा चष्मा गालांवरून घसरला. माझ्या पोटात असे पीळ पडले की मी जमिनीवरच बसले. शेजारी भाषांतरकार डोळे मिटून बसले होते, पण त्यांचे खांदे गदगदा हलत होते. खाली व्यवस्थापिका बाईंची पावलं वाजली की आम्ही श्वास धरायचो, आणि वर तो पक्षी, ठकठक. शेवटी एकदाचे चार वाजले. आम्ही जे हसलो ते तळ्याच्या पलीकडे ऐकू गेलं असणार.

मग कबुलीजबाब झाले. चौघांपैकी एकानेही आल्यापासून ओळ लिहिलेली नव्हती. चौघंही बाकीच्या तिघांना घाबरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी ती नऊ वर्षांची कादंबरी बॅगेत तळाशी घातली आणि नवीनच काहीतरी सुरू केलं. हलकंफुलकं आहे. चाळीस पानं झाली. लिहिताना मला स्वतःलाच हसू येतं, हे बरं लक्षण आहे की वाईट, कुणास ठाऊक.

पण तू कपाट का सरकवलंस? आणि दादाला एवढा कापूस कशाला लागतो? त्याच्या कानाला काही झालंय का? खरं सांग.

तुझी,
टिटवी


१९ मे

प्रिय टिटवे,

त्या पक्ष्यापायी मी दुकानात एकटीच हसत बसले. गिऱ्हाइकाला वाटलं, त्याला चष्मा शोभत नाही म्हणून हसतेय. तो न घेताच गेला. चाळीस पानं म्हणजे कमाल केलीस.

तुझ्या दादाचे कान ठणठणीत आहेत. जरा जास्तच ठणठणीत आहेत. कपाटाचं म्हणशील तर खोलीत जागा मोकळी असावी आणि खिडकी उघडी राहावी असं डॉक्टरांनी सुचवलं. ते परवा येऊन गेले. काळजीचं काही नाही. तुझ्या खोलीत बसून त्यांनी नीट ऐकलं. म्हणाले, श्वास अजून तोकडा पडतो, पण रोज न चुकता करत राहिलं तर महिन्याभरात फरक दिसेल. खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन तणतणून गेल्या, पण त्यांना सवयच आहे.

या पत्रात तू कवींबद्दल कमी लिहिलंस, ते माझ्या लक्षात आलं आहे. टॉवेल तोंडात कोंबणारा माणूस मनाने चांगला असू शकतो, हे मी मान्य करते. दोन बायकांचं मात्र नीट विचारून घे.

तुझी,
वहिनी

ता. क. मी मजेत आहे. जास्त बोलायची मला परवानगी नाही. — दादा


२४ मे

प्रिय वहिनी,

हे काय लिहिलं आहेस तू? कुठले डॉक्टर? दादाला माझ्या खोलीत कधीपासून झोपवलं आहे? श्वास तोकडा पडतो, बोलायची परवानगी नाही, आणि वर तुम्ही दोघं मला लिहिता की सगळं ठीक आहे. तुम्हाला वाटतं मी इथे तळ्याकाठी बसून पानं लिहावीत म्हणून हे सगळं माझ्यापासून लपवावं. तुम्ही दोघंही असेच आहात. आई गेली तेव्हाही मला परीक्षा होईपर्यंत कळवलं नव्हतंत.

व्यवस्थापिका बाईंकडे फोन मागितला तर म्हणाल्या, डब्याची किल्ली विश्वस्तांकडे आहे आणि विश्वस्त तळ्यापलीकडे आहेत. मी सामान बांधते आहे. अठ्ठावीस तारखेच्या दुपारच्या होडीने निघेन. त्याआधी होडीत जागा नाही, पलीकडच्या गावचा बाजार आहे.

काल संध्याकाळी छोट्या होडीतून तळ्यात गेलो होतो, तिथे सांगितलं. तो म्हणाला, जायलाच हवं. वल्हं हातात घेऊन बराच वेळ नुसता बसला आणि होडी आपली गोल गोल फिरत राहिली. पुस्तकाचं काय ते नंतर बघू. कवी म्हणाले, पुस्तक थांबतं, माणसं थांबत नाहीत. मग अर्थातच त्यांचे डोळे भरले.

दादाला म्हणावं, मी येतेय. माझ्या पलंगाची गादी मध्ये खचलेली आहे, त्याच्या पाठीखाली दुसरी उशी दे.

टिटवी


२६ मे, तातडीने

टिटवे,

सामान सोड. जागची हलू नकोस. तुझ्या दादाला काहीही झालेलं नाही. तो या क्षणी समोर बसून पाव खातोय आणि मला म्हणतोय, "भोग आता आपल्या कर्माची फळं."

खरं सांगते, सगळं सांगते. तू गेल्यावर पहिल्या दिवशी तुझी खोली झाडायला गेले आणि तुझ्या पलंगावर बसून रडले. दुसऱ्या दिवशीही गेले, परत रडले. तिसऱ्या दिवशी बसले तर रडू येईना. खिडकीतून ऊन आलं होतं. मला एकदम वाटलं, या घरात आत्ता कोणालाही माझ्याकडून काही नकोय. पन्नाशी उलटली, पण असं वाटायची ही पहिलीच वेळ. मी घाबरून उठले आणि दुखरी दाढ दाखवायला दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

ते डॉक्टर बागेतल्या बँडचे मास्तर आहेत हे मला माहीत नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत सगळी पितळी वाद्यं लटकलेली असतात. दाढ भरता भरता ते म्हणाले, "तुमचे ओठ फार चांगले आहेत." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या ओठांना कोणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेव्हा तोंडात कापसाचे बोळे. ते पुढे म्हणाले, "ट्रॉम्बोनसाठी. आमचा वाजवणारा गाव सोडून गेला." मला नाही म्हणता आलं नाही, कारण तोंड उघडंच होतं.

ट्रॉम्बोन म्हणजे ती लांब वाकलेली पितळी नळी, जिचा दांडा पुढेमागे सरकवतात. आपल्या बाहेरच्या खोलीत तो दांडा सोफ्याला आपटतो, स्वयंपाकघरात कपबश्यांना. तुझ्याच खोलीत कपाट सरकवून पलंगाच्या टोकाला बसलं तर तो थेट खिडकीतून बाहेर जातो. म्हणून खिडकी उघडी. श्वास माझा तोकडा पडतो. मागे एकदा खालचा सूर काढताना दांडा इतका लांब गेला की खालच्या बाईंची वाळत घातलेली चादर त्यात अडकून वर आली. म्हणून तणतण. कापूस तुझ्या दादाचा. आणि बोलायची परवानगी नाही, कारण मीच त्याला सांगितलं होतं, टिटवीला एक अक्षर कळवलंस तर याद राख.

का लपवलं? तुझी पाठ फिरताच वहिनीने खोली बळकावली, असं तुला वाटलं असतं. खोली तुझी आहे. तू आलीस की कपाट जागेवर जाईल आणि ट्रॉम्बोन डॉक्टरांकडे.

आता माझी पाळी. मी उगाच कवींच्या मागे लागले होते. तुझी सगळी पत्रं आत्ता परत वाचली. कवींवर अर्धं अर्धं पान, रहस्यबाईंवर परिच्छेद. भाषांतरकार मात्र पहिल्या पत्रात "एक भाषांतरकार आहेत, उंच." एवढंच. टिटवे, तू आयुष्यात कुणाबद्दल एवढ्या थोडक्यात लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात ते तुला मोजे देतात. आणि शेवटच्या पत्रात तर नावगावच नाही, एकदम "तो म्हणाला". कोण तो? 'ते'चा 'तो' कधी झाला? मुद्रितशोधक आहेस ना तू? स्वतःचंच पत्र तपासलं नाहीस.

उत्तर दे. आणि हे पत्र पोचायच्या आत निघू नकोस, हे लिहून काही उपयोग नाही हे मला कळतं, तरी लिहिते.

तुझी,
वहिनी


२९ मे

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मला होडीत मिळालं.

मी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. कवी धक्क्यावर टॉवेल हलवत होते. तो आला नव्हता. होडी सुटली तेवढ्यात व्यवस्थापिका बाई धावत आल्या. वहिनी, त्या धावू शकतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी तुझं पाकीट होडीत भिरकावलं आणि, दुपारी, चारच्या आत, ओरडल्या, "तातडीचं आहे." पक्षी उडाले झाडांवरून.

फोडायला हात धजत नव्हते. पहिल्या ओळीवर रडले. तोंडातल्या कापसापर्यंत आले आणि हसायला लागले. चादर वर आली तिथे मी बाकावरून खाली घसरले, आणि होडी अशी डुलली की बाजारातून भाज्या घेऊन चाललेल्या एका बाईंनी माझा दंड धरला. होडीवाल्याने विचारलं, "वाईट बातमी?" मी म्हणाले, "माझी वहिनी ट्रॉम्बोन वाजवते." त्याने सरळ होडी वळवली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो. तोच. दोन आठवड्यांपूर्वी त्याने मला विचारलं होतं की हे दिवस संपल्यावर मी त्याच्या गावी येईन का, राहायला. तो फार कमी बोलतो. एक शब्द पसंत पडायला त्याला कधी कधी तीन दिवस लागतात. हे वाक्य मात्र त्याने एका दमात म्हटलं. आणि मी नाही म्हणाले. म्हणाले, माझ्या वहिनीला माझ्यावाचून करमायचं नाही, तिला एकटीला सोडून मी कुठे जाणार. रात्रभर तळमळले, स्वतःचा त्याग बघून मलाच भरून येत होतं. आणि तू तिकडे माझ्या खिडकीतून ट्रॉम्बोन बाहेर काढून बसली होतीस.

मी परत आल्यापासून तो माझ्याकडे बघून नुसता हसतो. मी अजून काही बोललेले नाही. मला जरा वेळ हवा. शेहेचाळिसाव्या वर्षी असं काही विचारलं जाईल अशी तयारी नव्हती.

एक काम आहे. पंधरा जूनला समारोप. विश्वस्त येणार, पाहुणे येणार, आम्ही आपापलं वाचणार. दर वर्षी शेवटी लॉनवर बँड असतो, यंदाच्या बँडने आयत्या वेळी कळवलं की जमत नाही. व्यवस्थापिका बाई हवालदिल झाल्या आहेत. मी त्यांना सांगून टाकलं की माझ्या ओळखीचा एक बँड आहे. येशील?

तुझी,
टिटवी


१ जून

टिटवे,

येतो. डॉक्टरांनी त्या दिवशीचे सगळे दात पुढे ढकलले. मला तीन गाणी येतात, त्यातलं एक हळू. तुझा दादा दुकान बंद ठेवून वाद्यं उचलायला येतोय.

वहिनी


१६ जून

प्रिय वहिनी,

काल तुम्ही शेवटच्या होडीने गेलात आणि मला तू दोन मिनिटंसुद्धा मोकळी मिळाली नाहीस. आधी त्या विश्वस्तांनी तुला घेरलं, मग रहस्यबाईंनी. ट्रॉम्बोनने माणूस मारता येईल का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यामुळे माझ्या बाजूने काय झालं ते आता सांगते.

माझं वाचन साडेतीनला सुरू झालं. पाहुण्यांसाठी चारचा नियम त्या दिवसापुरता शिथिल होता, पण तुम्हाला ते कुणी कळवलंच नव्हतं. पहिल्या पानाला लोक गप्प. दुसऱ्या पानावर मागून कोणीतरी फसकन हसलं. व्यवस्थापिका बाई होत्या. मग सगळी खोली सुटली. वहिनी, भरलेली खोली माझ्या वाक्यांवर हसत होती. नऊ वर्षं मी गंभीर व्हायचा प्रयत्न केला, कशासाठी केला कोण जाणे. प्रकाशक आले होते. हसता हसता त्यांनी बाजूच्या माणसाचा रुमाल घेतला.

पण मी वर बघितलं तर पहिल्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी. मी वाचत राहिले, पण आवाज उतरला. मनात आलं, झालं, गेला. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि तो आत आला. चिंब. कोटातून पाणी गळतंय, कानावर शेवाळ. भिंतीला टेकून उभा राहिला आणि ऐकायला लागला. माझी ओळ हरवली. मी तेच वाक्य दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा लोक जास्त हसले.

काय झालं विचारलं तर म्हणतो, "तुझ्या वहिनींची ओळख झाली." एवढंच. आता तूच सांग, होडीत काय झालं?

आणखी एक. तुम्ही गेल्यावर आम्ही धक्क्यावर बसलो होतो. त्याने पुन्हा विचारलं नाही. या वेळी मी विचारलं. म्हणाले, तुझ्या गावी मुद्रितं तपासायचं काम मिळतं का? तो म्हणाला, "मिळतं." मग म्हणाला, "खोली लहान आहे." मी म्हणाले, मला लहानच आवडते, पेन्सिल हाताशी लागते.

तेव्हा मी जातेय, वहिनी. पुढच्या शुक्रवारी, इथूनच. घरी विचारून सांगते, असं मी त्याला म्हटलेलं नाही. पण तुला विचारतेय. दादाला कसं सांगायचं ते मला सुचत नाही, ते तू बघ.

तुझी,
टिटवी


२१ जून

प्रिय टिटवे,

होडीत असं झालं. आम्ही तळ्याच्या मध्यावर होतो. बंगला दिसत होता. तू पहिल्याच पत्रात चारचा नियम लिहिला होतास, म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं, चार वाजेपर्यंत कोणी फुंकायचं नाही. आम्ही धक्क्याजवळ येऊन गुपचूप डुलत बसलो, कोट घालून, वाद्यं मांडीवर घेऊन, एखाद्या प्रेतयात्रेसारखे. मला इतकी धडधड होत होती की नुसता हात चालता राहावा म्हणून मी दांडा पुढे सरकवून बघितला. त्याला एक खटका असतो. तो लावायचा असतो. डॉक्टरांनी शंभर वेळा सांगितलं होतं. दांडा सर्रकन हातातून सुटला आणि डुबुक. माझ्या हातात उरला अर्धा ट्रॉम्बोन आणि पाण्यावर बुडबुडे.

कोणी हसलं नाही. तुझा दादा माझ्याकडे बघत नव्हता, मुद्दाम. मला वाटलं, चांगली शोभा झाली, पन्नाशीत कुणी सांगितलं होतं. तेवढ्यात धक्क्यावर एक उंच माणूस दिसला, आमची वाट बघत उभा असलेला. त्याने घड्याळ काढून फळीवर ठेवलं आणि कोटासकट पाण्यात उतरला. पाणी छातीपर्यंत होतं. नाक धरून खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा वर आला तो दांडा हातात घेऊन. पाण्यातूनच चालत होडीपाशी आला, दांडा उपडा करून त्यातलं पाणी ओतलं, माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "हा आपला असावा."

मी म्हणाले, "तुम्ही भाषांतरकार का?" तो म्हणाला, "हो." मग म्हणाला, "ती वाचतेय. ऐकायला जाऊ का?" माझी परवानगी मागत होता, टिटवे, छातीपर्यंत पाण्यात उभा राहून. मी म्हणाले, जा, पळा. तुझा दादा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "या माणसाला चष्मा लागत नसणार," म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

तेव्हा तू मला विचारतेस ते उशिरा विचारतेस. मी होडीतच हो म्हणून बसले आहे.

तुझ्या दादाला रविवारी सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग दुकानात जाऊन एकच चष्मा संध्याकाळपर्यंत पुसत बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उठला, दुकानाला कुलूप लावलं आणि दातांच्या डॉक्टरांकडे गेला. मला वाटलं, दाढ दुखतेय. परत आला तो दारातून आत मावेना. पोटावर हा एवढा मोठा ढोल बांधलेला. त्याने डॉक्टरांना विचारलं होतं म्हणे, ज्याला फुंकता येत नाही आणि घरी बसवत नाही अशा माणसाला तुमच्या बँडमध्ये काही आहे का.

काल आमचा पहिला एकत्र सराव झाला. त्याचा हात थोडा आधी पडतो आणि माझा सूर थोडा नंतर लागतो, मध्ये जी जागा उरते तिच्यात डॉक्टर डोळे मिटून घेतात. वाजवून झाल्यावर तुझा दादा घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होता. असा तो लग्नाच्या आधी बघायचा. खालच्या मजल्यावरच्या बाई जागा बदलताहेत. त्यांच्या जागी क्लॅरिनेटवाला यायचं घाटतंय.

सुखाने जा. तिथे पोचलीस की लिही, खूप लिही, त्याच्याबद्दलही आता पानभर लिहायला हरकत नाही. माझं उत्तर यायला मात्र उशीर होईल. रागावू नकोस. आम्हाला हल्ली वेळ नसतो.

तुझी,
वहिनी